मॉन्टेसरी बालवाडी निवडताय? साहित्य नंतर बघा, आधी ताईंचे हात बघा

नाशिकला आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात 'मॉन्टेसरी' अशी पाटी लावलेल्या चार जागा होत्या. त्यातली सगळ्यात जवळची मी निवडली, कारण रिक्षाचा प्रश्न मिटत होता. आत शिरलं की समोर काचेचं कपाट. त्यात गुलाबी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, सोनेरी मण्यांच्या माळा, सगळं सोनाराच्या दुकानासारखं चकचकीत. मी खूश झाले नि पैसे भरून मोकळी झाले. दोन महिन्यांनी कळलं की त्या कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली ऑफिसात. पालकसभेच्या दिवशी तेवढं ते उघडायचं. एरवी आमची मनू आणि तिच्याबरोबरची वीस-बावीस पोरं 'ए फॉर ॲपल' घोकत ठिपके जोडत बसलेली.

पुढच्या वर्षी शाळा बदलली. मनू आता दुसरीत आहे. मी शिक्षिका नाही, बँकेत काम करते. पण या चार-पाच वर्षांत ज्या गोष्टी ठेच लागून कळल्या, त्या दोन-अडीच वर्षांचं मूल असणाऱ्यांना आधीच कळाव्यात म्हणून हे लिहितेय.

१. पाटी विसरा, मूळ गोष्ट समजून घ्या

'मॉन्टेसरी' हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. उद्या तुम्ही गॅरेजमध्ये चार प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या ठेवून ही पाटी लावलीत तरी कुणी अडवणार नाही. आपल्याकडे तर या शब्दाचा अर्थच 'पहिलीच्या आधीची शाळा' असा होऊन बसलाय. 'पोरगं मॉन्टेसरीत जातं' म्हणजे बालवाडीत जातं, एवढंच.

मूळ बाई इटलीच्या. मारिया मॉन्टेसरी, जन्म १८७०, पेशाने डॉक्टर. १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पन्नासेक मुलांसाठी 'बालगृह' उघडलं. आईबाप कामावर जात आणि पोरं जिन्यात धुडगूस घालत, म्हणून ती सांभाळायची सोय हवी होती. तिथे बाईंनी मुलांना हाताने करायच्या वस्तू दिल्या आणि त्या बघत बसल्या. पुढचं सगळं त्या बघण्यातून निघालं.

या बाईंचा आपल्याशी संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. १९३९ मध्ये त्या मद्रासला, अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत प्रशिक्षणवर्ग घ्यायला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि इटालियन नागरिक एका रात्रीत शत्रू ठरले. त्यांचा मुलगा मारिओ याला इंग्रज सरकारने आपल्या नगरच्या छावणीत डांबलं. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला, ३१ ऑगस्ट १९४० ला, त्याला सोडलं. युद्ध संपेपर्यंत मायलेक भारतातच अडकले आणि त्या काळात इथले शेकडो शिक्षक त्यांच्या हाताखाली शिकून तयार झाले.

त्याच्याही आधीपासून गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक हे बालशिक्षणतज्ज्ञ गुजरातेत भावनगरला ही पद्धत आपल्या मातीत रुजवत होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातला. इटलीहून लाकडी साहित्य मागवणं परवडणारं नव्हतं, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. महागडं साहित्य नसेल तर मॉन्टेसरी नाही असं कुणी सांगू लागलं की मला कोसबाड आठवतं.

मुलाच्या वाढीबद्दलचं म्हणणं थोडक्यात असं. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत मूल आजूबाजूचं सगळं टिपकागदासारखं शोषून घेतं, भाषा शिकवावी लागत नाही ती त्यामुळे. या काळात एकेका गोष्टीची ओढ ठरावीक वेळी उफाळून येते आणि ओसरते. दोन वर्षांचं मूल बाबांच्या चपला आजोबांनी घातल्या म्हणून भोकांड पसरतं, त्याला आपण हट्ट म्हणतो. मॉन्टेसरीबाई त्याला क्रमाची ओढ म्हणतात: जग जिथल्या तिथे असलं तरच त्याला ते समजतं. आणि तिसरं, मूल हातांनी शिकतं. मोठ्यांनी फक्त जागा नीट मांडायची, एकदा करून दाखवायचं आणि आपले हात आवरायचे.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. शाळा पारखायची ती यावरूनच.

२. वयाचं गणित आधी मांडा

खऱ्या मॉन्टेसरी वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र बसतात. नर्सरी, छोटा शिशू, मोठा शिशू असे वेगळे वर्ग नसतात. छोटं मूल मोठ्याचं बघून शिकतं आणि तिसऱ्या वर्षी तेच मोठं होऊन इतरांना दाखवतं. म्हणून हिशेब तीन वर्षांचा धरा, फीचासुद्धा.

इथला मोठा सापळा असा की गावातल्या नावाजलेल्या शाळा नर्सरीतच किंवा छोट्या शिशूतच जागा भरून टाकतात. पालक घाबरतात आणि साडेचारव्या वर्षी मूल काढून तिकडे नेतात. नेमकं तेव्हाच दोन वर्षांचं पेरलेलं उगवायला लागलेलं असतं. वाचन, दशक-शतकाची समज, धाकट्यांना सांभाळून घेणं हे बरंचसं तिसऱ्या वर्षात येतं. दीड वर्षासाठीच घालणार असाल तर ताण घेऊ नका, पण मग 'मॉन्टेसरीत घालून काही आलं नाही' असंही म्हणू नका.

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षं पूर्ण लागतात. तिथून तीन वर्षं मागे या, म्हणजे कधी घालायचं ते कळेल. तुमच्या मनातल्या 'मोठ्या' शाळेला आत्ताच फोन करून विचारा: थेट पहिलीत किती मुलं घेता? उत्तर 'जागा असल्यास' असं आलं तर दुसरा पर्याय हाताशी ठेवा.

३. बघायला जा आणि तासभर गप्प बसा

सगळ्या लेखातलं एवढंच वाचलंत तरी चालेल.

फोन करून म्हणा, 'वर्ग चालू असताना मला एक तास बसून बघायचंय.' मंगळवार किंवा बुधवार मागा, साडेनऊ-दहाच्या सुमाराचा. शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी काहीतरी कार्यक्रम असतो. 'मुलं बुजतात हो' म्हणून सरळ नाही म्हणाले तर मी ती जागा यादीतून काढते. चांगल्या ठिकाणी नियम असतात (बोलायचं नाही, मुलांकडे बघून हसायचं नाही, फोन बंद, बुटक्या स्टुलावर बसायचं), पण बसू देतात.

मी दुसऱ्या शाळेत बसले होते तेव्हाचं सांगते. चारेक वर्षांचा एक मुलगा काचेच्या छोट्या जगमधलं पाणी दोन पेल्यांत ओतत होता. तिसऱ्यांदा ओतताना पाणी ट्रेबाहेर गेलं आणि जमिनीवर थारोळं झालं. त्याने ताईंकडे बघितलं. ताई पाच-सहा हातांवर एका मुलीबरोबर चटईवर बसल्या होत्या. त्यांनीही बघितलं, हात मांडीवरच. मुलगा उठला, खुंटीवरचं फडकं आणलं आणि पुसायला लागला. पुसताना थारोळं दुप्पट झालं. फडकं पिळलं ते तिथेच, सगळं पाणी परत खाली. मी दोनदा स्टुलावरून अर्धवट उठले. त्याने फडक्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, मग बादली ओढत आणली आणि तिच्यात पिळलं. सात-आठ मिनिटं गेली. जमीन कोरडी झाल्यावर त्याने फडकं वाळत घातलं आणि परत ओतायला बसला. ताई एकदाही उठल्या नाहीत, नंतर 'शाब्बास'ही म्हणाल्या नाहीत. फी तिथल्या तिथे भरावीशी वाटली, पण पहिला अनुभव आठवून गप्प बसले.

बघताना एवढं टिपा:

- साहित्य मुलाच्या उंचीच्या उघड्या रॅकवर आहे का? प्रत्येक वस्तूचा सहसा एकच संच असतो. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायला शिकणं हाही त्या मांडणीचाच भाग.
- सलग कामाचा वेळ किती? अडीच-तीन तास हवेत. दर अर्ध्या तासाला घंटा होऊन 'आता गाणी, आता रंगकाम' असं चालत असेल तर पाटी काहीही म्हणो, ती नेहमीचीच बालवाडी आहे. वाईट असेल असं नाही, पण मॉन्टेसरीची फी देऊ नका.
- काम झाल्यावर वस्तू जागेवर कोण ठेवतं, मूल की मावशी?
- भिंतीवर नावांचा तक्ता आणि चांदण्या? बक्षीस आणि शिक्षा दोन्ही या पद्धतीत बसत नाहीत.
- ताई पूर्ण वर्गाशी मोठ्याने बोलतात की एकेका मुलाजवळ बसून हळू?

वर्गात पंचवीस-तीस मुलं दिसली तर दचकू नका. 'दहा मुलांमागे एक शिक्षिका' ही जाहिरात ऐकायला छान, पण इथे जास्त मोठी माणसं म्हणजे मध्ये घुसणारे जास्त हात. एक प्रशिक्षित ताई आणि एक मदतनीस एवढ्यावर चांगला वर्ग चालतो.

उलटा सापळाही आहे. 'आमच्याकडे मुलांना पूर्ण स्वातंत्र्य' म्हणत नुसता गोंधळ. स्वातंत्र्य म्हणजे काय करायचं ते निवडण्याचं. दुसऱ्याची चटई तुडवायची नाही, मनोऱ्याचे ठोकळे फेकायचे नाहीत. असं होत असताना ताई जाऊन शांतपणे ते काम थांबवत नसतील तर तिथेही काहीतरी बिनसलंय.

प्रशिक्षणाबद्दल बिनधास्त विचारा, कुणी रागावत नाही. कोर्स कुठला, किती महिन्यांचा, साहित्य हातात घेऊन सराव केला होता की नुसते व्हिडिओ बघितले? खुद्द मॉन्टेसरीबाईंनी १९२९ मध्ये स्थापन केलेल्या असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल या संस्थेची, म्हणजे 'ए.एम.आय.'ची पदविका असेल तर पाया पक्का समजा. दुसऱ्या संस्थांचेही चांगले कोर्स आहेत. फक्त 'संचालिका मॅडमचा कोर्स झालाय' हे उत्तर घेऊन परत येऊ नका. वर्गावर बसणाऱ्या ताईंचं विचारा.

४. कागदपत्रं

यात मॉन्टेसरीचं वेगळं काही नाही. जन्मदाखला, मुलाचं आधार, लसीकरणाचं कार्ड, पत्त्याचा पुरावा, आईवडिलांची ओळखपत्रं, पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, एक संच स्वतःकडे.

घोळ होतो तो नावात. दवाखान्यातून नोंद झालेल्या जन्मदाखल्यावर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, ते नंतर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन घालावं लागतं. दाखला आणि आधार यांवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. आमच्या एका कागदावर वडिलांच्या नावात 'राव' होतं, दुसऱ्यावर नव्हतं. त्या 'राव'पायी माझ्या दोन रजा गेल्या. हे आत्ताच निस्तरा, पहिलीच्या वेळी घाईत जमत नाही.

शाळेला एक गोष्ट विचारून ठेवा: युडायस क्रमांक, म्हणजे सरकारदरबारी शाळेच्या नोंदीचा क्रमांक, आहे का? अकरा आकडी असतो. नुसत्या बालवाडीकडे तो नसू शकतो आणि त्याने आभाळ कोसळत नाही. पण 'आमच्याकडेच पुढे चौथीपर्यंत वर्ग आहेत' असं सांगत असतील तर तो हवाच.

५. पहिले पंधरा दिवस

मूल रडेल. रडू द्या असं मी म्हणणार नाही, पण दारात दहा मिनिटं निरोप घेत उभं राहू नका. 'शाळा सुटल्यावर आई येणार' एवढं सांगा आणि निघा. आणि त्या वेळेला खरंच हजर राहा.

खरेदीची यादी छोटी आहे:

- इलॅस्टिकची चड्डी किंवा पँट. बक्कल, नाडी, मागे चेन असलेले कपडे नकोत. मुलाला एकट्याला शी-शूला जाता आलं पाहिजे.
- पायात सरकवायच्या चपला किंवा चिकटपट्टीचे बूट.
- मुलाला स्वतः उघडता येईल असा डबा. घरी दहा वेळा उघडून बघायला द्या. चार क्लिपांचा महागडा डबा मी घेतला होता, तो मलाच उघडेना.
- नावाची खूण केलेले कपड्यांचे दोन जादा जोड.

संध्याकाळी 'आज काय शिकलीस?' हा प्रश्न गिळून टाका. मनूचं पहिल्या महिन्याचं उत्तर ठरलेलं होतं: 'पाणी ओतलं.' आमचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'पाणी ओतायला एवढी फी? आमच्या नळाखाली फुकट शिकवलं असतं.' त्यांचं चूक नव्हतं. ओतताना मनगट वळतं, डोळा आणि हात जुळतात, कुठे थांबायचं ते कळतं आणि पुढे पेन्सिल धरायला तेच मनगट लागतं, हे मला तरी कुठे माहीत होतं? वही कोरी येते, घरी दाखवायला काही नसतं आणि शेजारच्या मुलाने तोवर शंभरपर्यंत आकडे लिहिलेले असतात. हे वर्ष पालकांसाठी कठीण असतं. मुलांसाठी नाही.

६. घरात काय बदलायचं

ऑनलाइन मिळणारा 'मॉन्टेसरी किट' घेऊ नका. मी घेतला होता, गुलाबी मनोऱ्यासकट. खऱ्या मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा, सगळ्यात छोटा १ सेंटिमीटरचा, प्रत्येक पायरीला बरोबर एक सेंटिमीटर कमी. एखादा मधेच चुकीचा लागला तर मुलाला ते स्वतःलाच खुपतं, कुणी 'चुकलं' म्हणावं लागत नाही. माझ्या स्वस्तातल्या संचातले दोन ठोकळे एकाच मापाचे होते. मनू बिचारी उलटसुलट करत राहिली. साहित्य शाळेचं शाळेत राहू द्या.

घरात एवढं पुरतं: स्वयंपाकघरात खालच्या कप्प्यात मुलाची ताटली, पेला आणि छोटा तांब्या. तांब्यात पाणी अर्धंच. हाताला येईल अशा खुंटीवर फडकं. न्हाणीघरात छोटं स्टूल. आणि खरं काम: मटार सोलणं, शेंगा फोडणं, केळं बोथट सुरीने कापणं, चपला जोडीने लावणं, रुमालाच्या घड्या. पेला काचेचाच द्या. फुटेल. एकदाच फुटतो, त्यानंतर मूल दोन्ही हातांनी धरतं. काचा मात्र आपण उचलायच्या, तिथे तत्त्वज्ञान नको.

खरी लढाई आजी-आजोबांशी होते असं सगळे म्हणतात. माझ्या सासूबाई मनूला चिऊ-काऊचा घास करून भरवायच्या आणि मी दातओठ खायचे. एकदा म्हटलं, 'आई, तिला हाताने जेवू दे ना.' त्या म्हणाल्या, 'अगं, अर्धं सांडते. पोटात काय जातं?' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण अर्धं सांडत होतंच.

मार्ग त्यांनीच काढला, नकळत. दुपारी भाजी टाकताना त्यांनी मनूला ओट्याशी स्टुलावर उभं केलं आणि मसाल्याचा डबा उघडला. 'ही बघ मोहरी. हे जिरं.' मनूने दोन्ही चिमटीत धरून बघितलं, वास घेतला. थोड्या वेळाने: 'मला जिरं दे बरं. आता मोहरी.' चार-पाच वेळा असं झालं. शेवटी मोहरीवर बोट ठेवून विचारलं, 'हे काय?' मी दारात उभी राहून बघतच राहिले. मॉन्टेसरी प्रशिक्षणात ज्याला तीन टप्प्यांचा पाठ म्हणतात तो हाच: आधी नाव सांगायचं, मग नावावरून वस्तू मागायची, शेवटी वस्तूवरून नाव विचारायचं. मधला टप्पा सगळ्यात लांब ठेवायचा आणि चुकलं तर 'चूक' न म्हणता परत पहिल्यावर यायचं. आपण घाई करतो ती इथेच. दोनदा नाव सांगून लगेच 'सांग, हे काय?' आणि मूल गप्प.

त्यानंतर मी आईंना तत्त्व सांगायचं सोडलं, काम मागितलं. त्या तांदूळ निवडायला बसल्या की मनूला वेगळी ताटली. आठ-दहा दिवसांनी घास भरवणं आपोआप कमी झालं, कारण दोघींच्याही हातांना दुसरं काम मिळालं होतं.

७. अक्षरओळख: देवनागरीचे खाचखळगे

या पद्धतीत लिहिणं वाचनाच्या आधी येतं आणि त्याच्याही आधी आवाज. 'क कमळाचा' असं नाही. 'कमळ म्हणताना आधी काय ऐकू येतं?' असा खेळ. मग खरखरीत कागदाची अक्षरं: दोन बोटांनी गिरवायची, तोंडाने आवाज काढायचा. डोळा, कान आणि हात तिघांना एकदम काम.

शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर विचारा: मराठी खरखरीत अक्षरं आहेत का? बऱ्याच ठिकाणी नसतात, आणि 'मराठी घरी येतंच की' असं सांगतात. बोलायला येतं, लिपी येत नाही. मी घरी केली. तुम्हीही करू शकता, माझ्या दोन चुका टाळून.

हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागा, १५० नंबरच्या आसपासचा. नंबर जितका छोटा तितका कागद जाड रव्याचा. मी पहिल्यांदा ६० नंबरचा आणला आणि मनूने एकदा बोट फिरवून हात मागे घेतला. दुसरी चूक: कागदाच्या मागच्या, गुळगुळीत बाजूवर अक्षर काढून कापलं. उलटवून चिकटवायला गेले तर 'क' आरशातला. मागून काढायचं असेल तर उलटंच काढावं लागतं. रात्री अकरा वाजता बारा अक्षरं वाया गेल्यावर हे सुचलं. जाड पुठ्ठ्याचे कार्ड घ्या, स्वरांना एक रंग, व्यंजनांना दुसरा. एका वेळी दोन-तीनच अक्षरं, दिसायला आणि ऐकायला वेगळी. 'घ' आणि 'ध' एकत्र देऊ नका. 'भ' आणि 'म'सुद्धा नाही.

पुढचा टप्पा सुट्या अक्षरांनी शब्द जुळवण्याचा. सुरुवात बिनमात्रांच्या शब्दांनी: घर, बदक, कमळ, नख. मग काना. इथपर्यंत मूल सुसाट जातं आणि ऱ्हस्व वेलांटीला अडखळतं. मनूने 'दिवा' हा शब्द जुळवला तेव्हा आधी 'द' ठेवला आणि वेलांटी त्याच्या मागे. का? कारण कानाला आधी 'द्' ऐकू येतो, मग 'इ'. आपली लिपी मात्र ती वेलांटी अक्षराच्या आधी लिहिते. मुलीचा कान बरोबर होता. अशा वेळी हात पुढे करून कार्डं बदलू नका. मी बदलली आणि तिने दोन दिवस त्या खोक्याला हात लावला नाही. नंतर वेगळ्या वेळी, जणू नवीनच गोष्ट, 'ही वेलांटी कुठे बसते बघ' म्हणून एकदा दाखवलं. तेवढ्याने झालं. जोडाक्षरांची घाई अजिबात नको.

गोष्टींबद्दल एक भानगड. मॉन्टेसरीबाई सहा वर्षांखालच्या मुलांना परीकथा देण्याच्या बाजूच्या नव्हत्या, आधी खरं जग हातात येऊ द्या म्हणायच्या. गिजुभाईंनी मात्र भावनगरच्या आपल्या बालमंदिरात गोष्टींना भरभरून जागा दिली. मी गिजुभाईंच्या बाजूने. आमच्याकडे राक्षस आणि टुणुक टुणुक भोपळा दोन्ही झोपताना हजर असतात. तुमच्या मुलाला फक्त गोष्टी, गाणी, रंग यांतच रमू द्यावं असं वाटत असेल तर वॉल्डॉर्फ शाळा बघा. ती पद्धत वेगळीच: रुडॉल्फ स्टायनर यांची, १९१९ मध्ये जर्मनीत सुरू झालेली, आणि तिथे लिहिणं-वाचणं साधारण सातव्या वर्षापर्यंत मुद्दाम लांबवतात. कुणी 'आम्ही मॉन्टेसरी-वॉल्डॉर्फ दोन्ही करतो' म्हणालं तर अक्षरं कधी सुरू करता, एवढंच विचारा.

८. पहिलीत जाताना

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपासून तयारीला लागा. दाखल्यांचा संच तोच. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करायला शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे, हे माहीत असू द्या. 'जरा गप्पा मारायच्यात' या नावाखाली ती घेतली जाते हेही माहीत असू द्या.

मुलांना अभ्यास जड जात नाही. जड जातं ते बाकावर बसणं, सगळ्यांनी एकच पान उघडणं, पाणी प्यायला परवानगी मागणं. नवी शाळा सुरू व्हायच्या आधी महिनाभर घरी शाळा-शाळा खेळा: हात वर करायचा, बाई 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं. वहीवर रेघांच्या आत लिहायचा थोडा सराव द्या. सुट्या अक्षरांनी भराभर शब्द लावणाऱ्या मुलांचा पेन्सिलचा वेग कमी असू शकतो आणि फळ्यावरून उतरवून घेणं त्यांनी कधी केलेलंच नसतं. पहिल्या चाचणीत मनूचं अर्धंच उतरवून झालं होतं. दिवाळीनंतर जमलं.

जून महिन्यात डायरीत शेरा आला: 'वर्ग चालू असताना जागेवरून उठते.' विचारल्यावर कळलं, शेजारच्या मुलाची पाण्याची बाटली लवंडली होती आणि मनू फडकं शोधायला निघाली होती. मी बाईंना जाऊन भेटले. तक्रार करायला नाही, फक्त ती तीन वर्षं कुठे होती ते सांगायला. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, तुम्ही करा. बाईंनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, 'वर्गात बेचाळीस मुलं आहेत हो.' तेही खरंच होतं. मग आमचं ठरलं की आधी हात वर करायचा, मग उठायचं. फडकं मी घरून दिलं, जुन्या सुती साडीचं. ते आता बाईंच्या टेबलाच्या खणात असतं आणि कुणाचीही बाटली लवंडली की वर्ग मनूकडे बघतो.